मधला दुवा

परवा पुतणीने फोनवर विचारलं, "काकू, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. तुम्हाला हो डेटाबेस कनेक्शनमधलं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. मला त्यातली एकच गोष्ट कळते. पण ती मी एकतीस नावं गमावून शिकले, त्यामुळे पक्की लक्षात राहिली आहे. आज तीच सांगते. गोष्ट जुनी आहे आणि थोडी लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझी नोकरी उल्हासनगर आणि अंबरनाथ यांच्या सीमेवरच्या एका मराठी शाळेत झाली. मी १९७४ साली रुजू झाले आणि २००९ साली निवृत्त झाले. शाळेचं नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. शाळेपासून वालधुनी जवळ. एरवी तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही, पण २६ जुलै २००५ ला तिने आपण नदी असल्याचं दाखवून दिलं. कार्यालयाच्या खालच्या खणात ठेवलेलं जनरल रजिस्टरचं एक जुनं बाड रात्रभर पाण्यात राहिलं. शाईच्या पेनाने लिहिलेली पानं! आम्ही ती पंख्याखाली वाळवली, मध्ये टीपकागद घातले. बरीचशी वाचली. शेवटची पानं मात्र एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होऊन वाळला.

२०१२ साली माझ्या एका माजी विद्यार्थ्याने माजी विद्यार्थ्यांसाठी संकेतस्थळ बांधायला घेतलं. तो तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, हे काम शनिवार-रविवारचं. म्हणाला, "बाई, ते भिजलेलं रजिस्टर तुम्ही टाइप करून द्याल? अक्षर तुम्हालाच लागेल." मुख्याध्यापकांच्या परवानगीने बाड घरी आणलं. मी तोवर बरहा वापरून मराठी टंकायला शिकले होते (हा ब्लॉग त्याच शिकण्याचं फळ). बदलापूरचा पावसाळा, बाहेर पडायची सोय नाही. रोज तीस-चाळीस नावं घालायची. दाखल क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. सगळं छान दिसत होतं.

एकच खोट निघाली. सहस्रबुद्धे आडनावाची दोन भावंडं होती, त्यांचं आडनाव यादीत 'सहस्रबुद्ध' असं उमटत होतं. मात्रा कुठेतरी पडत होती. मी तीनदा दुरुस्त केलं, तीनदा पडली. विद्यार्थ्याला सांगितलं. त्याने आडनावासाठी तीस जागा ठेवल्या होत्या, त्याच्या शंभर केल्या आणि मात्रा टिकली. आम्ही दोघेही खूश झालो. पण सहस्रबुद्धे या शब्दात काना-मात्रा-हलन्त धरून खुणा अकराच. तीस जागांत अकरा खुणा का मावू नयेत, हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. वर्गात मी मुलांना हेच सांगत आले की उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर असतेच असं नाही. तिथे मात्र स्वतःच विसरले.

दिवाळीच्या सुमाराला ज्यांच्या यंत्रावर आमचं स्थळ होतं त्यांनी ते दुसऱ्या यंत्रावर हलवलं. मी त्या दिवसांत शेवटची, लगदा झालेली पानं सोडवत होते. ब्लेडने हळूच कड उचलायची, दिसेल ते वाचून लगेच टंकायचं, कारण पान सुटता सुटता त्याचा भुगा होत होता. तीन संध्याकाळींत एकतीस नावं घातली. चौथ्या दिवशी यादी उघडली आणि हातपाय गार पडले.

आधीची सगळी नावं विचित्र युरोपी चिन्हांची झाली होती. डोक्यावर तिरपी रेघ असलेला 'ए', मग एखादं नाण्याचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, अशी लांबच लांब माळ. आणि शेवटची एकतीस? ती नुसती प्रश्नचिन्हं. आकडे तेवढे जसेच्या तसे. दाखल क्रमांक शाबूत, जन्मतारीख शाबूत, आणि नावाच्या जागी सात प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, सहा प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, पाच.

"विदा गेला का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाई, पानात चूक नाही. साठवणीतही नाही. मधल्या जोडणीत आहे."

ही मधली जोडणी म्हणजे काय, ते मी त्याच्याकडून आणि पुढे वाचून समजून घेतलं. मला समजलं तसं सांगते. संकेतस्थळाचं पान हा एक कार्यक्रम आणि माहितीचं कोठार, म्हणजे डेटाबेस, हा वेगळाच. दोघांची भाषा वेगळी, घरही बहुधा वेगळं. एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या स्वरूपातल्या कोठाराची कल्पना मांडली, आणि पुढे अशी कोठारं बांधणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रत्येकीच्या कोठाराचं दार निराळं. कार्यक्रम लिहिणाऱ्याला प्रत्येक दारासाठी नवी किल्ली घडवावी लागे. म्हणून १९९२ मध्ये ओडीबीसी नावाची सामाईक पद्धत आली आणि १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेडीबीसी. कार्यक्रमाने या मधल्या घटकाशी बोलायचं आणि पलीकडे कोणतं कोठार आहे ते त्या घटकाने सांभाळायचं. आपल्याकडच्या तलाठी कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारा माणूस बसतो ना, तसा हा.

मग महाजाल आलं आणि या अर्जवाल्यावर गर्दी कोसळली. प्रत्येक वाचकासाठी नवी जोडणी उघडायची आणि काम झालं की बंद करायची, यातच वेळ जाऊ लागला. म्हणून काही जोडण्या कायम उघड्या ठेवून आळीपाळीने वापरायची पद्धत पडली, तिला पूल म्हणतात. किती जोडण्या ठेवायच्या, कुणी किती वेळ थांबायचं, तुटली तर काय करायचं, हे सगळं आपल्या गरजेप्रमाणे ठरवता येतं. आणि आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. या जोडणीतून जाणारा मजकूर कोणत्या लिपी-संकेतात आहे? आमचं घोडं तिथेच अडलं होतं. आम्ही ते सांगितलंच नव्हतं.

सांगितलं नाही की यंत्र आपल्या मनाचं धरतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. आमचं कोठार मायएसक्यूएल जातीचं होतं. १९९५ साली निघालेल्या या कोठाराच्या कंपनीचं घर स्वीडनमधल्या उप्साला गावी. त्यामुळे त्याची मूळची समजूत अशी, की येणारा मजकूर पश्चिम युरोपच्या लिपीत असणार आणि त्याचा वर्णानुक्रम स्वीडिश शब्दकोशाप्रमाणे लावायचा. 'लॅटिन-वन स्वीडिश' असं चक्क नावच आहे त्या मांडणीला! २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपर्यंत ही समजूत तशीच राहिली. म्हणजे वालधुनीकाठच्या आमच्या मुलांची नावं कोठाराच्या लेखी स्वीडिश होती. यात कुणाचा दुष्टावा नाही. ज्याने घर बांधलं त्याने आपल्या पाहुण्यांच्या उंचीची चौकट बसवली. कोठाराच्या नावातलं 'माय' हे त्याच्या एका निर्मात्याच्या, मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव. ते वाचल्यापासून मला त्या माणसाचा राग येईनासा झाला.

दुसरी बाजू आपल्या लिपीची. संगणकाच्या आतला मूळ अमेरिकन संकेत १९६३ चा, त्यात १२८ जागा. पश्चिम युरोपच्या लिपीसाठी त्या २५६ केल्या. आपल्या अक्षरांना तिथे जागाच नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत तयार झाला, १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर पुष्कळ काम केलं. पण कार्यालयांत आणि छापखान्यांत राज्य होतं ते फाँटांचं. इंग्रजी 'डी'च्या जागी 'क'चं चित्र बसवायचं, की झालं मराठी. फाँट नसला की पत्राचा पालापाचोळा. हा अनुभव माझ्या वयाच्या सगळ्यांनी घेतला असेल. १९९१ सालीच युनिकोड आलं आणि त्यात देवनागरीला स्वतःची घरं मिळाली. तरी 'ॲ' हे अक्षर सुटं मिळायला २००८ उजाडलं. युनिकोड साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. त्या रीतीत इंग्रजी अक्षराला एक जागा लागते आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन.

तीन! आता सहस्रबुद्ध्यांची मात्रा आठवा. अकरा खुणा गुणिले तीन म्हणजे तेहेतीस. जागा तीस. अकरावी खूण, म्हणजे 'ध'वरची मात्रा, उंबऱ्याबाहेर. उत्तर तेव्हाच समोर होतं. आमच्या जोडणीने प्रत्येक मराठी खूण तीन स्वीडिश अक्षरं समजून आत ठेवली होती आणि काढताना तशीच परत देत होती. जाताना एक चूक, येताना तीच चूक, म्हणून पडद्यावर सगळं बरोबर. नव्या यंत्रावर जोडणी खरं बोलू लागली, 'मजकूर यूटीएफ-८ आहे' असं तिने सांगितलं, पण आतला तक्ता मात्र जुनाच, स्वीडिश. त्यामुळे जुनी नावं 'माया' या चार खुणांच्या बारा परक्या चिन्हांसारखी उलगडून दिसू लागली. नवी नावं त्या तक्त्याला लिहिताच येईनात. जे लिहिता येत नाही तिथे त्याने प्रत्येक खुणेमागे एक प्रश्नचिन्ह ठेवलं.

इथे मला आमच्या अंबरनाथच्या देवळाची आठवण आली. तिथला शिलालेख शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. त्यातला शक सुरुवातीला ७८२ असा वाचला गेला होता, नंतर तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा ठरला. एका आकड्याच्या वाचनात दोनशे वर्षांचा फरक! पण दगडावरची खूण जागच्या जागी होती म्हणून पुन्हा वाचता आली. आमची जुनी नावं तशी होती. वेष बदललेला, पण आतला ठसा शाबूत. विद्यार्थ्याने त्या रकान्याला आधी सांगितलं, 'तू कोणतीही लिपी नाहीस, नुसत्या खुणा आहेस', आणि मग सांगितलं, 'या खुणा यूटीएफ-८ आहेत'. एका रात्रीत सगळी नावं मराठीत परत आली. फोनवर मी अक्षरशः रडले. प्रश्नचिन्हांच्या बाबतीत मात्र दगडावरची खूणच छिन्नीने काढून टाकली होती.

जोडणीची दुरुस्तीही सोपी गेली नाही. त्याने आधी एका पानावर आज्ञा लिहिली, की जोडणी उघडली की यूटीएफ-८ बोलायचं. दुसरी पानं आपापली जोडणी उघडत होती, ती जुनंच बोलत राहिली. मग त्याने स्वतःचा एक जोडणी-घटक लिहिला आणि सगळ्या पानांना त्याच दारातून जायला लावलं. दोन दिवस ठीक. तिसऱ्या सकाळी पुन्हा यादीभर प्रश्नचिन्हं! या वेळी ती फक्त दिसण्यापुरती होती, आत नावं नीट होती. रात्री जोडणी तुटत होती आणि यंत्र ती आपणहून पुन्हा जोडत होतं. पण पुन्हा जोडलेल्या जोडणीला आदल्या दिवशीची आज्ञा कशी आठवणार? ती आपली नव्याने स्वीडिश. शेवटी आज्ञा जोडणीच्या जन्माशीच बांधली. नवी असो की पुन्हा जोडलेली, पहिला श्वास घेताना तिला भाषा सांगितलीच जाईल. तेव्हापासून तक्रार नाही.

यावर विचार करताना मला उल्हासनगरचा जन्म आठवतो. तो मी पाहिलेला नाही, पण त्याची मुलं शिकवली आहेत. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, १९४७ नंतर तिथे सिंधमधून आलेले निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसवलेली नव्या नगराची कोनशिला. पत्ता म्हणजे कॅम्प नंबर, बॅरक नंबर, खोली नंबर. आई सिंधीत नाव सांगणार, तिची लिहायची लिपी बहुधा अरबी वळणाची. शाळेचा कारकून मराठी, रजिस्टर देवनागरी. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायचे चार वर्ण आहेत. देवनागरीत ते खाली रेघ देऊन लिहितात, आणि त्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली २००६ साली. आमच्याकडे त्या वर्णांचे साधे ग, ज, ड, ब होत. मीही तसेच लिहिले. नाव सांगणारी खरं सांगत होती, रजिस्टर दिलेलं जपत होतं. गळती व्हायची ती मध्ये, माझ्या लेखणीपाशी.

आणि जन्मतारखा? मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, १ जून हा केवढ्या लोकांचा वाढदिवस असतो ते! पालकांना तारीख आठवत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, मास्तर वय मोजून १ जून टाकून मोकळे. तो आमचा डिफॉल्ट. रांग मोठी असे, विचारायला वेळ नसे. पण कधी थोडं खोदून विचारलं, "होळीच्या आधी की नंतर? पाऊस होता का?" तर एखादी आई पटकन सांगायची. मी काहींना विचारलं, सगळ्यांना नाही विचारलं. हे कबूल करायला हवं.

राहिली एकतीस नावं. वाचायला प्रश्नचिन्हं आणि जन्मतारखा. मी मराठीची शिक्षिका, मोजायला बसले. सात प्रश्नचिन्हं म्हणजे सुलोचना असेल? काना, मात्रा, उकार धरून बरोबर सात. पण हलन्त सुटे धरले तर लक्ष्मीही सात, प्रतिभा सात, निर्मलाही सात! वडिलांचं नाव, आडनाव यांच्या खुणा जुळवायच्या, दाखल क्रमांकावरून वर्ग काढायचा, त्या वर्गातल्या कुणाला तरी फोन करायचा. "अगं, तुमच्या बाकावर तिसरी कोण होती?" त्या हिवाळ्यात मी जितकं बोलले तितकं निवृत्तीनंतर कधी बोलले नव्हते. एकेकीचं नाव सापडलं की खात्रीसाठी तिचा जुना दाखला मागवायचा, आणि मगच नाव घालायचं. एका मुलीने तर दाखला बघून विचारलं, "बाई, मी तुम्हाला आठवले कशी?" तिला काय सांगणार, की सहा प्रश्नचिन्हांवरून!

अठ्ठावीस सापडली. तीन अजून नाहीत.

त्यातलं एक नाव चार खुणांचं आहे, आडनाव पाच. जन्मतारीख १ जून १९६६. म्हणजे खरी तारीख आधीच हरवलेली होती, नंतर नावही गेलं. माया, मीना, शोभा, शीला, रेखा. पाटील, शिंदे. सगळी बसतात. दाखल क्रमांक सांगतो की ती १९७५ मध्ये आली, म्हणजे मी तिला शिकवलेलं असणार. दुपारी पडल्या पडल्या मी त्या वर्गाची हजेरी मनातल्या मनात घेऊन बघते. एका ठिकाणी अडते.

विद्यार्थी म्हणाला होता, "बाई, एखादं जुळणारं नाव टाकून द्या. ओळ रिकामी वाईट दिसते." त्याचा हेतू चांगलाच होता. मी टाकलं नाही. मनानेच काहीतरी धरून रकाना भरायचा, हे यंत्राने एकदा केलं आणि आम्ही शाळेत वर्षानुवर्षं केलं. आता ती ओळ तशीच राहू दे. ती कधी ना कधी स्वतः येऊन सांगेल, आणि तेव्हा जोडणीला मराठी येत असेल, एवढी सोय आम्ही करून ठेवली आहे.

असो. चहा गार झाला असेल तुमचा.